डायरी विद्यार्थ्याची, तिच्यावर लाल पेन कशाला?



फेब्रुवारी उजाडला की आमच्या स्टाफरूममधल्या टेबलावर वह्यांचा ढीग लागतो. एनएसएसच्या डायऱ्या, फील्ड प्रोजेक्टच्या वह्या, ऑन जॉब ट्रेनिंगची लॉगबुकं. पहिली वही उघडावी, तर 'या उपक्रमातून मला खूप काही शिकायला मिळाले.' दुसरी उघडावी, तर पुन्हा तेच वाक्य. नोंदी जूनपासून फेब्रुवारीपर्यंतच्या, पण शाई एकच आणि अक्षर एका रात्रीत घाईघाईनं काढलेलं. आपल्याला ते कळतं. तरी आपण सही करतो, शिक्का मारतो आणि पुढची वही ओढतो.

खरं सांगा, तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं असंच होतं ना?

मी नायगावात राहते आणि घरापासून चालत जाता येईल अशा एका कॉलेजात पदवीच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. अनेक वर्षं मुलांकडून डायऱ्या लिहून घेतल्यावर माझं एक मत झालं आहे, ते आज तुमच्यापुढे ठेवते. चिंतन-डायरी हे कॉलेजच्या मुलांसाठी शिकण्याचं फार उपयोगी साधन आहे. पण तिच्यातल्या मजकुराला आपण गुण द्यायला लागलो की मुलं खरं लिहायचं थांबवतात. हे मला पुस्तकातून कळलं नाही, एका मुलीच्या बाबतीत चूक केल्यावर कळलं. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी मुळात ही डायरी म्हणजे काय ते पाहू.

चिंतन-डायरी म्हणजे काय?

नोंदी ठेवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पेशवे दफ्तरातल्या रोजनिशा प्रसिद्ध आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले उतारे निवडले आणि ते पुढे खंडांच्या रूपात छापले गेले. कुणाला काय दिलं, कोणत्या गावाला सूट मिळाली, कोणता हुकूम सुटला, अशा त्या नोंदी आहेत. कारभाराला अशीच नोंद लागते. आपलं शाळेतलं दैनिक टाचणही याच जातीचं. तारीख, इयत्ता, घटक, उपघटक, शैक्षणिक साहित्य आणि खाली मुख्याध्यापकांची सही.

चिंतन-डायरीत 'काय झालं' हे दोन-तीन ओळींत संपतं. खरं लिखाण त्यानंतर सुरू होतं. त्या वेळी मला काय वाटलं? असं का झालं असेल? माझा आधीचा समज काय होता आणि तो टिकला का? पुढच्या वेळी मी काय वेगळं करीन?

फरक एका उदाहरणानं स्पष्ट होईल. रोजनिशी लिहिणारा विद्यार्थी लिहील, 'शनिवारी वस्तीत सर्वेक्षण केले. वीस घरे पूर्ण झाली.' चिंतन करणारा लिहील, 'अकराव्या घरातल्या आजींनी मला दारातूनच परत पाठवलं. मला राग आला. घरी आल्यावर लक्षात आलं की मी नमस्कारही न करता फॉर्ममधला पहिलाच प्रश्न विचारला होता, घरात कमावणारे किती? आमच्या घरी येऊन कुणी असं विचारलं असतं तर माझ्या आईनं काय केलं असतं?'

पहिल्या विद्यार्थ्यानं काम केलं. दुसऱ्यानं कामही केलं आणि त्यातून तो शिकलाही. पण गंमत बघा, आपल्या तक्त्यात दोघांचीही 'वीस घरे' एवढीच नोंद होते.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचं 'हाऊ वी थिंक' हे पुस्तक १९१० साली आलं. माणसाचा विचार अडचणीतून, गोंधळातून सुरू होतो आणि आपल्या समजुतीला आधार काय आहे हे नेटानं तपासत राहणं म्हणजे चिंतन, अशी त्यांची मांडणी आहे. हेच ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक होते. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ या काळात शिकले. त्यांचं 'राजगृह' दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे आमच्या नायगावच्या शेजारीच आहे. तेव्हा ही काहीतरी परदेशी टूम आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्यांना राजगृहाची वाट दाखवते.

पुढे १९८३ साली डोनाल्ड शॉन यांनी डॉक्टर, वास्तुविशारद, शिक्षक अशी माणसं काम करता करता आणि काम झाल्यावर कसा विचार करतात, हे मांडलं. १९८८ साली ग्रॅहम गिब्ज यांनी त्याच्या सोप्या सहा पायऱ्या केल्या. काय घडलं, काय वाटलं, त्यात चांगलं-वाईट काय होतं, तसं का झालं, त्यावरून काय कळलं आणि पुढे काय करणार. परिचारिकांच्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात या पायऱ्या जगभर वापरल्या जातात.

आपल्याकडेही आता डायरी सगळीकडे पोहोचली आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातल्या शाळेतल्या इंटर्नशिपमध्ये चिंतनपर लेखनाला जागा मिळाली. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमातही विद्यार्थ्याला अनुभवावर चिंतन लिहावं लागतं. एनएसएस तर १९६९ पासून आहे. वर्षाला १२० तास काम आणि त्याची डायरी. मुंबई विद्यापीठात त्याचे १० ग्रेस मार्क मिळतात, हे तर मुलं प्रवेश घेतानाच विचारतात. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना क्रेडिट आहेत. म्हणजे आणखी वह्या आल्या.

डायरी आली हे चांगलंच झालं. पण ती आली गुणांच्या तक्त्यात बसून. आणि इथेच माझी चूक झाली.

माझी चूक

नायगावच्या बीडीडी चाळी तुम्हाला ऐकून तरी माहीत असतील. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं त्या बांधल्या, म्हणून नाव बीडीडी. नायगावात अशा ४२ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. शौचालयं मजल्यावर सामायिक. पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं देण्याची योजना आहे.

पुनर्विकासाचं काम सुरू व्हायच्या आधी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचा तिथे एक छोटा सर्व्हे होता. नव्या घरांकडून लोकांना काय हवंय, कशाची धास्ती वाटते, एवढंच विचारायचं होतं. चौघा-चौघांचे गट केले होते. प्रत्येकानं डायरी लिहायची आणि डायरीला दहापैकी गुण, असं मीच ठरवलं होतं.

एका मुलीची नोंद वाचून मी खुर्चीतच थांबले. तिनं लिहिलं होतं की, ज्या चाळीत आमचा गट फॉर्म घेऊन फिरत होता त्याच्या शेजारच्याच चाळीत मी राहते. मैत्रिणींना हे माहीत नाही. मी दादरला राहते एवढंच त्यांना सांगितलंय. गॅलरीत एक ओळखीच्या काकू समोरून आल्या तेव्हा मी फॉर्ममध्ये मान घातली. काकूंनी मला ओळखलं, पण हाक मारली नाही. त्यांनी हाक मारली नाही याचं मला बरं वाटलं आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

मुलांनी असं लिहावं म्हणून तर मी धडपडत होते! मी लाल पेनानं लिहिलं, 'उत्कृष्ट! १०/१०.' आणि दुसऱ्या दिवशी तिला न विचारता ती नोंद वर्गात वाचून दाखवली. नाव घेतलं नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. पण गटात चौघीच होत्या. नाव घ्यायची गरजच नव्हती. वर्गातली मान जिच्याकडे वळायची तिच्याकडे वळली.

त्यानंतरच्या तिच्या नोंदी मला अजून आठवतात. 'आजची भेट अत्यंत प्रेरणादायी होती.' 'संघभावनेचे महत्त्व समजले.' मीही त्यांना नेमानं आठ-आठ गुण देत राहिले.

वर्ष संपताना ती सही घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, "अगं, तू आधी किती छान लिहायचीस. मग काय झालं?" ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात सात माणसं. काहीही लपवून ठेवायला जागा नाही. म्हणून कॉलेजच्या वहीत लिहिलं होतं."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. माफी मागितली. ती "असू दे मॅडम" म्हणाली आणि सही घेऊन गेली.

गुण दिले की काय होतं?

मित्रहो, परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर बरोबर किंवा चूक ठरवता येतं. पण 'मला लाज वाटली' याला दहापैकी किती द्यायचे? नऊ दिले तर एक कशाचा कापला? आणि दहा दिले तर वर्गातल्या बाकीच्यांना काय कळतं? मॅडमना रडकथा आवडतात, एवढंच. मग पुढच्या आठवड्यात वीस जण लाज वाटल्याच्या कथा घेऊन येतात. मुलं हुशार असतात. शिक्षकाला काय आवडतं ते ती आपल्या आधी ओळखतात. त्यात त्यांचा दोष नाही. पहिलीपासून आपण त्यांना तेच शिकवलंय.

आता तर चॅटजीपीटी हाताशी आहे. 'समाजकार्याच्या अनुभवावर भावनिक डायरी लिहून दे' म्हटलं की अर्ध्या मिनिटात पान तयार. काही सहकारी म्हणतात, मग डायरीच बंद करा. मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. मुलगा ती यंत्राकडून का लिहून घेतो? कारण ती त्याला स्वतःसाठी नकोच आहे. ती आपल्याला हवी आहे. ज्या लिखाणावर गुण नाहीत आणि जे आपल्याच उपयोगाचं आहे, ते दुसऱ्याकडून कुणी कशाला लिहून घेईल?

मग करायचं काय?

त्या प्रसंगानंतर मी काही नियम ठरवले. ते परिपूर्ण नाहीत, पण माझ्या वर्गात चालतात.

१. गुण फक्त नियमितपणाला. दहा आठवडे, दहा नोंदी, वर्गातच लिहिलेल्या. लिहिलं की गुण. काय लिहिलं याला गुण नाहीत. विद्यापीठाच्या तक्त्यात रकाना भरावा लागतो, तो असा भरता येतो. विचार किती खोल आहे हे तपासायचंच असेल तर सत्राच्या शेवटी वेगळा निबंध लिहायला सांगा. त्यात डायरीतलं काय घ्यायचं आणि काय नाही, हे विद्यार्थ्याला ठरवू द्या.

२. कोण वाचणार हे पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या वर्गात नियम असा, की जे पान मधोमध दुमडलेलं असेल ते मी वाचत नाही. मुलांनी सुरुवातीला माझी परीक्षा घेतली. दुमडलेल्या पानात 'मॅडम वाचतायत का?' असं लिहून पाहिलं. मी वाचलं नव्हतं, हे त्यांनीच नंतर हसत हसत सांगितलं. तेव्हापासून विश्वास बसला. वह्या माझ्या कपाटात कुलूपबंद राहतात. ज्याला घरी न्यायची त्यानं न्यावी.

३. प्रश्न लहान विचारा. 'काय शिकलात?' या प्रश्नाला 'खूप काही' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, आज कुठे अडलात? कोणाचं बोलणं मनात राहिलं? आधी काय वाटत होतं आणि आता काय वाटतं?

४. भाषेवर लाल पेन नको. मराठी, हिंदी, मिसळ, कशीही चालेल. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या वहीत तपासू. ज्या भाषेत मूल मनातल्या मनात बोलतं, त्याच भाषेत ते विचार करतं.

५. शेरा नको, उत्तर द्या. 'छान', 'उत्तम', 'सुधारणा हवी' हे शेरे झाले. मी आता पेन्सिलीनं एखादा प्रश्न लिहिते. 'त्या आजी पुन्हा भेटल्या तर कशी सुरुवात करशील?' बस, एवढंच.

याचा उपयोग होतो का? एक उदाहरण सांगते. एक मुलगा ऑन जॉब ट्रेनिंगसाठी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जात होता. पहिल्या आठवड्यात त्यानं लिहिलं, 'सर नीट समजावत नाहीत.' मी लिहिलं, 'तू काय विचारलंस?' दुसऱ्या आठवड्यात, 'विचारलं नाही, ते कामात होते.' तिसऱ्या आठवड्यात माझ्या प्रश्नाशिवाय त्यानंच लिहिलं, 'ऑफिसात इतर लोक असले की मी विचारत नाही. वर्गातही तसंच. चूक विचारलं तर हसतील असं वाटतं.' पाचव्या आठवड्यात लिहिलं, 'आता सकाळी चिठ्ठीवर प्रश्न लिहितो आणि सर चहा घेतात तेव्हा विचारतो. आज तीन विचारले. एकावर ते म्हणाले, हे मलाही बघावं लागेल.'

आपल्या गप्प राहण्याचं कारण त्याचं त्यानंच शोधलं आणि उपायही त्याचाच. माझ्या कोणत्या व्याख्यानानं हे झालं असतं? तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीला मी गुण देणार असते तर 'मी घाबरतो' हे त्यानं लिहिलं असतं का?

काही रास्त शंका

'वर्गात सत्तर-ऐंशी मुलं, वाचणार कधी?' खरी अडचण आहे. मी दर आठवड्याला बारा-पंधरा वह्याच घेते. सत्रात प्रत्येकाची पाळी दोनदा येते. सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. लिहिताना निम्मं काम होऊन गेलेलं असतं.

'अभ्यासक्रम कधी संपवायचा?' आठवड्यातून एकदा, तासाची शेवटची दहा मिनिटं. एवढी तर आपली हजेरीतही जातात.

'एखाद्यानं काही गंभीर लिहिलं तर?' हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपण शिक्षक आहोत, समुपदेशक नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, की तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं मी वाचलं तर ते मी माझ्याजवळ ठेवणार नाही, तुम्हाला सांगून योग्य माणसाकडे नेईन. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६. हा नंबर आमच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर असतो.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या दप्तरात अशी वही दिसली तर ती उघडू नका. काळजीपोटी उघडावीशी वाटेल, मलाही आई म्हणून वाटतं. पण मुंबईच्या घरांत एकांत ही किती दुर्मिळ गोष्ट आहे ते आपल्याला ठाऊक आहे. वेगळी खोली देता येत नसेल तर निदान एक कप्पा द्या, ज्याला दुसरं कुणी हात लावणार नाही. घरात बसायला जागा नसेल तर अभ्यासिका आहे, वाचनालय आहे. आमच्या नायगावात तर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू आहे. अशा जवळच्या वाचनालयाची ओळख मुलांना लवकर करून द्या. आणि 'आज काय शिकलास?' ऐवजी एकदा 'आज कुठे अडलास?' असं विचारून बघा. उत्तर मिळालं तर लगेच उपाय सांगू नका. नुसतं ऐका.

शेवटी

शिक्षक मित्रहो, एक गोष्ट राहिली. आपण मुलांना चिंतन करायला सांगतो, पण आपली वही कुठे आहे? टाचण म्हणत नाही मी, ते आहेच. चुकलेल्या तासाबद्दल, रागावून बोललेल्या वाक्याबद्दल, गप्प बसलेल्या मुलाबद्दल आपण कुठे लिहितो?

मुलं लिहीत असतात त्या दहा मिनिटांत मीही आता वर्गातच बसून लिहिते. माझ्या वहीचं पहिलं पान त्या मुलीबद्दल आहे. त्यावर कुणी गुण दिलेले नाहीत, म्हणून ते मला खरं लिहिता आलं.

येत्या सोमवारी एका तासाची शेवटची दहा मिनिटं काढा. मुलांना सांगा, आज याला गुण नाहीत. सुरुवातीला त्यांना खरं वाटणार नाही. दोन-तीन आठवडे धीर धरा, आणि लाल पेन खणातच राहू द्या.